शरद ऋतूतील एकदिवसीय सहली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती विसर्जन झाले की सहलींविषयीचे प्रश्न येऊ लागतात आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ते थांबत नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरे पुणे आणि मुंबई येथून सकाळी निघून रात्री घरी परतणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. इतर भागांतील वाचकांनी प्रश्न १९ पाहावा.

१. शरद ऋतूतील सहलींचा हंगाम नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

पंचांगाप्रमाणे आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने आहेत. सहलीचा विचार करताना मात्र या काळाचे तीन भाग पाडावेत, कारण प्रत्येक भागात निसर्ग वेगळा असतो आणि एका भागातले ठिकाण दुसऱ्या भागात निराशा करते. पहिला भाग विसर्जनापासून घटस्थापनेपर्यंतचा असतो. तेव्हा डोंगर हिरवे असतात, सड्यांवर (खडकाळ पठारांवर) फुले असतात आणि ओढ्यांना पाणी असते. दुसरा भाग नवरात्रापासून कोजागिरीच्या पुढे आठवडाभर चालतो. त्यात दिवसा ऊन तापते आणि दुपारनंतर परतीचा पाऊस गाठू शकतो. दिवाळीच्या आसपास सुरू होणाऱ्या तिसऱ्या भागात आकाश स्वच्छ होते, पहाटे गारवा जाणवतो, गवत सोनेरी होते आणि मावळात भाताची कापणी चालू असते.

मला येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी ठिकाणाबद्दल नसून चुकीच्या पंधरवड्याबद्दल असतात. आधी ठिकाण ठरवून मग सुट्टी पाहण्याची सवय आपल्याला आहे. शरदात आधी सुट्टी पाहावी, त्या वेळी पाऊस कोठवर मागे सरला आहे ते पाहावे आणि मग ठिकाण निवडावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

२. ऑक्टोबर हीटमध्ये मुलांना घेऊन बाहेर पडणे योग्य आहे का?

योग्य आहे, मात्र दिवसाची आखणी उलटी करावी लागते. पाऊस गेल्यानंतर आकाश निरभ्र होते, जमिनीत ओल असते आणि त्यामुळे उन्हाबरोबर दमटपणाही जाणवतो. अकरा ते चार या वेळेत उघड्या माथ्यावर किंवा गडाच्या वाटेवर असू नये. पहाटे साडेपाचला निघून चढण नऊपर्यंत संपवावी आणि दुपार लेण्यांत, मंदिराच्या सभामंडपात किंवा झाडांच्या दाट सावलीत काढावी. प्रत्येक मोठ्या माणसामागे किमान तीन लिटर पाणी घ्यावे. लिंबू, मीठ आणि साखर सोबत असली की बाटलीबंद पेयांची गरज राहत नाही.

३. परतीच्या पावसाचा अंदाज कसा घ्यायचा? विजांची भीती वाटते.

ही भीती रास्त आहे. मोसमी वारे साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुणे-मुंबई परिसरातून परततात, पण ही तारीख दरवर्षी मागेपुढे होते. या काळातला पाऊस आषाढासारखा दिवसभर झिरपत नाही. सकाळ लख्ख असते, दुपारी दोननंतर ढग उंच वाढत जातात आणि तीन ते सातच्या दरम्यान गडगडाटासह जोराची सर येते. म्हणूनच सकाळचे निळे आकाश पाहून संध्याकाळबद्दल निर्धास्त होऊ नये.

भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी असा दोनदा पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी. विजांची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे, ते फोनमध्ये असू द्यावे. गडगडाट ऐकू येताच बुरूज, पठार, पाण्याचा काठ आणि एकटे उभे असलेले झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. गडावरील पत्र्याची टपरी हा पक्का आसरा नव्हे.

४. कास पठाराला कोणत्या आठवड्यात जावे म्हणजे फुले नक्की दिसतील?

‘नक्की’ हा शब्द कासला लागू होत नाही. सर्वसाधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहर असतो आणि सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत भरवशाचा मानला जातो. ऊन आणि पाऊस आलटून पालटून मिळाले तर फुले चांगली उघडतात. सलग आठ दिवस झड लागली तर बहर लांबतो आणि पाऊस लवकर थांबला तर तो आटोपतो.

कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असल्यामुळे मोठी झाडे तेथे मूळ धरू शकत नाहीत आणि म्हणूनच पावसाळ्यापुरते आयुष्य असलेल्या लहान वनस्पतींना संपूर्ण पठार मोकळे मिळते. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, जांभळट निळी सीतेची आसवे, पांढरे गेंद आणि मिकी माऊसच्या चेहऱ्यासारखी दिसणारी कवल्याची पिवळी फुले ही हंगामात सहज ओळखता येतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. खडकावरच्या मातीतून न मिळणारे पोषण त्या किड्यांमधून मिळवतात, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येते आणि त्यांना ते वर्षानुवर्षे आठवते. पश्चिम घाटाला २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचाही समावेश आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण छायाचित्रे पाहून फार मोठी अपेक्षा बांधली जाते. संपूर्ण पठार एकाच रंगाने झाकलेले क्वचितच दिसते. टोपली कारवीचा सामुदायिक बहर तर सात वर्षांतून एकदाच येतो. एरवी फुले विखुरलेली आणि नखाएवढी असतात. वाकून, थांबून, भिंग घेऊन पाहिले तरच कास दिसते, आणि तसे पाहणाऱ्याला दोन तासही अपुरे पडतात.

५. कासला आधी नोंदणी करावी लागते का? गाडी पठारापर्यंत जाते का?

हंगामात ऑनलाइन नोंदणी करूनच जावे. दिवसाला ठरावीक संख्येनेच पर्यटक सोडले जातात आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. वाहनतळ पठारापासून दूर आहे आणि तेथून बसने नेले जाते. पायवाटा ठरवून दिलेल्या आहेत. वन विभागाबरोबर परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ही व्यवस्था पाहतात आणि त्यातून स्थानिकांना रोजगार मिळतो, म्हणून शुल्काबद्दल कुरकुर न करता ते द्यावे. शक्य असल्यास मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडावा.

छायाचित्रासाठी वाट सोडून फुलांत बसू नये. वर सांगितलेला मातीचा पातळ थर पायाखाली दबला की त्यातले पुढच्या वर्षीचे बी आणि कंदही दबतात. ही विनंती मी हात जोडून करतो.

६. कासची नोंदणी मिळाली नाही तर?

साताऱ्याला जायचेच असेल तर सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीचे पठार असा दिवस आखता येतो. सज्जनगडावर समर्थ रामदासांची समाधी आहे. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांच्या पायथ्याशी कासच्या जवळच्या नात्यातली फुले दिसतात. पुण्याहून इतके लांब जायचे नसेल तर सप्टेंबरच्या उत्तरार्धात सिंहगड आणि पुरंदरच्या उतारांवरही सोनकी आणि तेरडा भरपूर असतो. तेथे जाताना गडांविषयीचा प्रश्न ११ वाचावा.

७. पाच वर्षांच्या आतील मुले आणि आजी-आजोबा दोघेही सोबत आहेत. सर्वांना झेपेल असे ठिकाण कोणते?

पुण्याहून तीन पर्याय सुचवतो. माझ्या मते पहिला सर्वांत चांगला आहे.

वाई आणि मेणवली. पुण्याहून साधारण दोन-सव्वादोन तासांत वाईला पोहोचता येते. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन जवळच्या मेणवलीला जावे. तेथे नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी घंटा आहे. पावसाळ्यानंतर नदीला संथ, स्वच्छ पाणी असते. घाटाच्या पायऱ्यांवर ज्येष्ठांना सावलीत बसता येते आणि मुलांना पाण्यातले मासे पाहता येतात. मात्र घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळे असते, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये.

सासवड आणि परिसर. दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला संत सोपानदेवांची समाधी, कऱ्हेकाठचे संगमेश्वर मंदिर आणि थोड्या अंतरावर चांगावटेश्वर आहे. पुढे नारायणपूरला दत्ताचे आणि केतकावळ्याला बालाजीचे मंदिर आहे. याच दिवसांत सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. डोळे उघडलेले, पण हाताला घट्ट लागणारे फळ घ्यावे म्हणजे ते घरी दोन दिवसांत पिकते.

भुलेश्वर. सोलापूर रस्त्यावरील यवतजवळच्या डोंगरावर हे यादवकालीन शिवमंदिर आहे. गाडी मंदिराजवळ पोहोचते आणि पायऱ्या थोड्या आहेत. बाहेरून किल्ल्यासारखे दिसणाऱ्या या मंदिराच्या आत शिल्पांची रांग आहे आणि त्यात स्त्रीरूपातील गणेशाचे दुर्मीळ शिल्प आहे. आतला दगड दुपारीही थंड असतो, त्यामुळे ऑक्टोबर हीटमध्ये हे ठिकाण विशेष उपयोगी पडते.

८. आम्हा दोघांनाच निवांत दिवस घालवायचा आहे. गर्दी नसलेले ठिकाण सांगाल का?

निवांतपणा ठिकाणापेक्षा वारावर आणि वेळेवर अवलंबून असतो. रविवारी दुपारी लोणावळ्यात तो मिळणार नाही, पण बुधवारी सकाळी सात वाजता भाजे लेण्यांच्या पायथ्याशी उभे राहिलात तर लेणी उघडेपर्यंत सोबतीला फक्त पक्षी असतील. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत कार्ले आणि भाजे ही जोडी मला फार आवडते. भाज्याची लेणी इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातील आहेत आणि कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. कार्ल्याच्या चैत्यात छताच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. दोन्ही चैत्ये पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे चारच्या सुमारास तिरपा प्रकाश आत शिरतो आणि स्तूप उजळतो. त्यासाठी आकाश स्वच्छ हवे, म्हणून परतीच्या पावसाच्या दिवसांत हा बेत ठेवू नये. कार्ल्याला एकवीरा देवीचे मंदिर लेण्यांना लागूनच आहे. नवरात्रात तेथे मोठी रांग असते, हेही लक्षात ठेवावे.

गाडी नसली तरी अडचण नाही. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाज्याच्या पायथ्याशी चालत जाता येते. दुपारच्या वेळी लोकलमध्ये मोठे अंतर असते, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

९. आमचे लग्न झालेले नाही. दिवसभरासाठी खोली घेताना किंवा फिरताना अडचण येईल का?

दोघेही सज्ञान असतील तर एकत्र फिरण्यास किंवा हॉटेलात खोली घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. काही हॉटेले आणि कृषी पर्यटन केंद्रे मात्र स्वतःच्या नियमाने अशी नोंदणी नाकारतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी फोन करून स्पष्ट विचारावे आणि दोघांचीही मूळ ओळखपत्रे सोबत ठेवावीत. निर्मनुष्य कडे, धरणामागचे कच्चे रस्ते आणि पडक्या वास्तू टाळाव्यात. तेथे लुबाडणुकीचे प्रकार घडतात आणि मदत लवकर पोहोचत नाही. अंधार पडण्यापूर्वी मुख्य रस्त्यावर यावे. कोणी त्रास दिला तर ११२ या क्रमांकावर फोन करावा. घरच्या एखाद्या विश्वासातल्या व्यक्तीला ठिकाण सांगून ठेवणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते.

१०. मुंबईहून गाडी न घेता कोठे जाता येईल?

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातील कान्हेरी लेणी ही पहिली निवड असावी. शंभराहून अधिक लेणी, पाण्याची कोरीव टाकी आणि पावसाळ्यानंतरही काही आठवडे खळाळणारा ओढा एवढे सारे लोकलच्या अंतरावर आहे. उद्यान सोमवारी बंद असते आणि लेणी उद्यानाच्या आत असल्यामुळे त्यांनाही तोच नियम लागू होतो.

घारापुरीसाठी गेटवेहून लाँचने साधारण तास लागतो. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद असतात. सप्टेंबरमध्ये समुद्र खवळलेला असला तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून हा बेत दिवाळीच्या सुमारास ठेवावा. वसईचा किल्लाही लोकल आणि रिक्षाने गाठता येतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेल्या या किल्ल्यात आज झाडी माजलेली आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

एसटीने जाणाऱ्यांसाठी : महिलांना एसटीच्या भाड्यात मार्च २०२३ पासून ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा सोबत ठेवावा.

११. किल्ल्यांवर जायचे आहे. काही विशेष नियम आहेत का?

प्रत्येक गडाची व्यवस्था वेगळी आहे. सिंहगडाच्या घाटरस्त्यावर वन विभागाचा नाका आहे आणि दरड कोसळल्यास रस्ता बंद केला जातो. पायी चढायचे असेल तर आतकरवाडीची वाट आहे आणि नेहमी न चालणाऱ्याला ती तास-दीड तास घेते. वर तानाजी मालुसरे आणि राजाराम महाराज यांच्या समाध्या आहेत. पिठले, भाकरी आणि मडक्यातले दही विकणाऱ्या बायका बहुधा गडावरच्या किंवा पायथ्याच्या वस्तीतल्या असतात. जेवण त्यांच्याकडेच करावे.

पुरंदर हे संभाजी महाराजांचे जन्मस्थान. तेथे लष्कराचा ताबा असल्यामुळे ओळखपत्र दाखवावे लागते, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडावे लागते आणि सर्व भाग खुला नसतो. गाडी मात्र बरीच वरपर्यंत जाते, म्हणून चालण्याची सवय नसलेल्यांना हा गड सोपा पडतो.

पावसाळ्यानंतर गडाच्या वाटांवर गवत कमरेएवढे असते. बूट, पूर्ण लांबीची विजार आणि हातात काठी हवी. पायऱ्यांवरचे शेवाळे वरून वाळलेले दिसले तरी खाली ओले असते आणि उतरताना घसरण्याचे प्रसंग त्यामुळेच अधिक येतात.

१२. लेण्यांवर आणि कड्यांवर मधमाश्यांचा हल्ला होतो म्हणे. तेव्हा काय करावे?

शरदात फुलोरा भरपूर असल्यामुळे कड्यांना आणि लेण्यांच्या कपाऱ्यांना आग्यामोहोळे लागतात. धूर, उग्र अत्तर, फटाके, मोठ्याने वाजवलेले संगीत आणि दगड मारणे यांमुळे माश्या उठतात. त्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नये. चेहरा आणि मान कापडाने झाकून शक्य तितक्या वेगाने दूर पळावे आणि बंद जागा गाठावी. पाण्यात उडी मारू नये, कारण माश्या वर घोंघावत राहतात. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून काढावेत. श्वास घेण्यास त्रास, ओठ सुजणे किंवा चक्कर ही लक्षणे दिसली तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

१३. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येते? भरती-ओहोटीचे गणित समजत नाही.

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणून चारने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. त्यात सुमारे सव्वासहा तास मिळवले किंवा त्यातून वजा केले की ओहोटी मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला तीन वाजता भरती आणि सकाळी पावणेनऊ-नऊच्या सुमारास ओहोटी. दशमीला सकाळी साडेसातला भरती आणि दुपारी पावणेदोनला ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच गणित लागू होते.

आणखी एक खुबी अशी की ओहोटी किती खोल जाते हेही तिथीवर ठरते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, आणि ओहोटीलाही वाट पूर्ण उघडी पडेलच असे नाही. म्हणून चालत जायला तृतीया-चतुर्थीची सकाळ चांगली. हा हिशेब बेत आखण्यापुरता वापरावा. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी भरतीचे छापील कोष्टक पाहावे, किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे आणि परतीची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. किल्ल्यात अडकलेल्यांना पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावे लागते किंवा होडीची वाट पाहावी लागते.

मुंबईहून मांडव्यापर्यंत भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सेवा आहे. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि समुद्र शांत झाल्यावर सुरू होतात. सप्टेंबरमध्ये समुद्रात पोहण्यास उतरू नये, पृष्ठभाग शांत दिसला तरीही.

१४. ऑक्टोबरमध्ये धबधबे पाहायला मिळतात का?

सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक धबधबे वाहतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर फक्त मोठ्या पाणलोटाचे उरतात आणि दिवाळीत ओघळ राहतात. अनेक धबधब्यांवर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढते. ते उठले आहेत की नाहीत हे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारूनच जावे. परतीची सर डोंगरमाथ्यावर पडली तर पायथ्याला ऊन असतानाही पाणी अचानक वाढते, म्हणून दुपारनंतर डोहात उतरू नये.

१५. माथेरानची छोटी गाडी दसऱ्याला सुरू असते का?

१९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात. ती साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू होते, पण रुळांच्या दुरुस्तीनुसार तारीख बदलते. अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी मात्र पावसाळ्यातही चालते. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे आणि तेथून ती पकडावी किंवा चालावे. दस्तुरीच्या पुढे खासगी वाहनांना बंदी आहे, त्यामुळे गाडी तेथेच ठेवावी लागते.

१६. दिवाळीच्या सुट्टीत भिगवणचे रोहित, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किंवा हुरडा पार्टी यांपैकी काय मिळेल?

तिन्हींसाठी ही वेळ लवकरची आहे. भिगवणला उजनीच्या फुगवट्याचे पाणी ओसरून चिखलाची बेटे उघडी पडली की रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. पावसाळ्यानंतर लगेच जलाशय तुडुंब असतो, म्हणून डिसेंबरनंतर जावे. स्ट्रॉबेरीचा खरा हंगाम नोव्हेंबरअखेरीपासून पुढे सुरू होतो. हुरडा रब्बी ज्वारीचा असतो आणि ती ज्वारी पेरली जाते तीच मुळी सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यामुळे कणसे डिसेंबरअखेरीस दाण्यात येतात. दिवाळीत ‘ताजा हुरडा’ अशी जाहिरात दिसली तर तो कोठून आणला आहे, हे विचारून घ्यावे.

१७. फुलांचा हंगाम पितृपक्षात येतो. त्या पंधरवड्यात सहलीला जावे का? आणि नवरात्रात उपवास असेल तर?

सहल हे मंगलकार्य नव्हे, त्यामुळे अनेक कुटुंबे पितृपक्षात निसर्ग पाहायला जातात. काही घरांत तो काळ पाळला जातो. घरातील ज्येष्ठांना आधी विचारावे आणि आपल्या घरच्या श्राद्धाची तिथी सोडून दिवस निवडावा.

उपवास असेल तर लांबची चढण ठरवू नये. राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली रताळी, केळी आणि ताक एवढे घरून घ्यावे. निर्जळी उपवासात उन्हात फिरू नये. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणी ही देवीची स्थाने नवरात्रात दर्शनासाठीच जाण्याची आहेत. तेथे सहलीचा मोकळेपणा मिळणार नाही.

१८. कोजागिरीच्या रात्री गडावर जाऊन दूध आटवता येईल का?

संरक्षित स्मारकांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही आणि तेथे चूल पेटवणेही चालत नाही, त्यामुळे गडाचा बेत सोडावा. परवाना असलेल्या कृषी पर्यटन केंद्रात किंवा ओळखीच्या शेतावर रात्रीचा कार्यक्रम करावा. शहराच्या दिव्यांपासून तीस-चाळीस किलोमीटर दूर गेले की चांदण्यात शेताचे बांध स्पष्ट दिसतात. दूध घरून आटवून, वेलची-केशर घालून थर्मासमध्ये न्यावे. गवतात बसण्यापूर्वी जागा विजेरीने नीट पाहावी, कारण या दिवसांत साप-विंचू बाहेर असतात. रात्री परतताना गाडी चालवणाऱ्याने पुरेशी झोप घेतलेली असावी.

१९. आम्ही मराठवाड्यात आणि विदर्भात राहतो. आमच्यासाठी काय?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ आणि अजिंठा हे दोन वेगवेगळे दिवस धरावेत. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते. ही जोडी अनेक जण उलटी लक्षात ठेवतात आणि बंद दारावरून परततात. अजिंठ्याच्या घळीत वाघोरा नदी सप्टेंबर-ऑक्टोबरात वाहती असते आणि लेण्यांचा नालाकृती कडा हिरवा असतो.

नागपूरकरांसाठी रामटेक सोपे आहे आणि त्रिपुरी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा असते. ताडोब्याचा गाभा क्षेत्राचा भाग पावसाळ्यातील बंदीनंतर १ ऑक्टोबरला उघडतो आणि मंगळवारी बंद असतो. सुरुवातीला गवत उंच आणि पाणी सर्वत्र असल्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा कमी असते, जंगल मात्र त्या वेळी सर्वांत देखणे असते.

२०. उन्हात न विटणारा डबा कोणता?

दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी आणि गूळ. ओल्या नारळाची चटणी आणि कच्चा कांदा घातलेले पदार्थ न्यायचे टाळावेत. दहीभात न्यायचा असेल तर भातात दूध भरपूर आणि दही चमचाभरच घालावे, म्हणजे दुपारपर्यंत तो बेताचाच आंबट होतो. कचरा डब्यातच परत आणावा.

२१. आम्ही परदेशातून दिवाळीला येतो. स्मारकांवर तिकीट परदेशी दराने पडेल का?

भारतीय पासपोर्ट असेल तर भारतीय दरच लागतो. ओसीआय कार्डधारकांनाही राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेशशुल्कात भारतीय नागरिकांप्रमाणे वागणूक आहे, मात्र मूळ कार्ड दाखवावे लागते. फोनमधील छायाचित्रावर अवलंबून राहू नये. लष्कराच्या ताब्यातील ठिकाणी (प्रश्न ११) परदेशी नागरिकांनी आधी चौकशी करूनच जावे.

२२. दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी काही वेगळे?

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या महामार्गानेच जावे. पावसाळ्यानंतर घाटांत खड्डे आणि वळणांवर बारीक खडी असते. संध्याकाळच्या सरीत ती दिसत नाही, म्हणून घाट उजेडात उतरावा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच.

२३. सगळी तयारी झाली आणि पहाटे पाहतो तर पाऊस सुरू. अशा वेळी काय करावे?

इशारा पिवळा असेल आणि ढग विरळ असतील तर तासभर थांबून घाट नसलेले, छप्पर असलेले ठिकाण निवडावे. पुण्याहून भुलेश्वर (प्रश्न ७) आणि मुंबईहून कान्हेरी (प्रश्न १०) अशा दिवशी चांगली. कान्हेरीतला ओढा मात्र जोराच्या सरीत ओलांडू नये. इशारा त्याहून वरचा असेल तर डबा घरीच उघडावा आणि कासची नोंदणी वाया गेल्याचे वाईट वाटून घेऊ नये. एका वर्षी मी आईला घेऊन नारिंगी इशारा असतानाही निघालो होतो. खंबाटकीच्या अलीकडे तीन तास गाडीत अडकलो, ती उपाशी आणि भिजलेली घरी परतली आणि पुढचे चार दिवस तापाने झोपून होती. त्यानंतर लाल किंवा नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी मी एकदाही बाहेर पडलेलो नाही.